एकतीसची तीस

मी दोन शहरांत वाढले आणि दोन्ही शहरांनी माझी झडती घेतली. सहा महिने आईकडे, सहा महिने बाबांकडे. भांडण नव्हतं हो. बाबांना तिकडच्या कारखान्यात भट्टीवर काम मिळालं, ते आपल्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या आत्याकडे राहिले. आई आपलं शिवणकामाचं दुकान सोडून जायला तयार नव्हती. "नणंदेच्या दारात बसून मी भाकऱ्या मोडणार नाही," असं तिचं म्हणणं. मग मलाच वाटून घेतलं. शाळाही दोन झाल्या. अर्धा भूगोल इकडे, अर्धा तिकडे, आणि दोन्हीकडे शिकवला तो पहिलाच अर्धा. सातवीनंतर मीच म्हटलं, पुरे.

आईचं शहर समुद्राकाठचं. चढ, पायऱ्या, ओल. भिंतींना पोपडे, कपाटातल्या कापडाला कुबट वास. तिथे माणसं एकमेकांच्या खिडक्यांतून बोलायची, आणि खिडकी बंद दिसली की काय लपवताय म्हणून दार वाजवायची. आत्याचं शहर कोरडं, सपाट, रस्ते पट्टीने आखल्यासारखे. कारखान्याची काजळी तेवढी सगळीकडे. तिथे कोणी कोणाशी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. मला दोन्ही आवडत नव्हतं आणि एकात असले की दुसऱ्याची आठवण यायची.

आत्याचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या तावदानांना काचा कापून द्यायची. बाईमाणूस हे काम करतं म्हणून लोक आधी हसायचे, मग काच चौकटीत चपखल बसली की गप्प व्हायचे. लाकडी मुठीच्या टोकाला इवलासा हिरा, आणि एक पोलादी पट्टी. पट्टी काचेवर धरायची, हिऱ्याने एक रेघ ओढायची. एकच. दुसऱ्यांदा ओढलीत की काच तिला हवी तिथे फुटते. आत्याला स्वभावाने पण दुसरी रेघ माहीत नव्हती.

आई आणि आत्या एकमेकींना पाण्यात बघायच्या, आणि ते पाणी म्हणजे मी. इथून गेले की आत्या माझी पेटी उपसायची. "वहिनीने काय काय शिकवून पाठवलंय बघू." तिथून आले की आई उपसायची. "तिने काय भरवलंय बघू." पेटीत कधी काही सापडलं नाही, त्यामुळे दोघींचा संशय वाढतच गेला.

पंधराव्या वर्षी मी आत्याकडे होते तेव्हा आईला फ्रॉक शिवून पाठवायचा होता. तिने मापं मागवली. आत्याने माझ्या छातीभोवती सुतळी गुंडाळली, सुतळी दुमडून पट्टीवर ताणून धरली आणि बाबांना म्हणाली, "लिही, एकतीस. आणि तुझ्या बायकोला कळव, मी मापात चुकत नसते." बाबांनी मुकाट्याने लिहिलं. बाबा सगळं मुकाट्यानेच करायचे.

फ्रॉक आला तो ढगळ. काखेत चिमूटभर कापड सुटलेलं. आत्याने ते चिमटीत धरलं, सोडलं, परत धरलं.

"मुद्दाम. मुद्दाम ढगळ शिवलाय. गल्लीत म्हणतील, नणंदेने पोर वाळवली."

"अगं, वाढत्या अंगाची म्हणून सैल ठेवला असेल," बाबा म्हणाले.

"दादा, तू भट्टीत कोळसा घाल. माणसं तुला कळत नाहीत."

मला वाटलं, दोघींतली एक खोटं बोलते आहे. माझी आई खोटारडी की माझी आत्या, हे पोरीने ठरवायचं म्हणजे काय खायचं काम आहे? आणि मला आत्याकडे परत यायचंच होतं. तिने शब्द दिला होता, "पुढल्या खेपेला हिरा तुझ्या हातात. अख्खी काच तू कापायचीस." तोवर मी नुसते तुकडे उचलत होते.

म्हणून मी ठरवलं. या दोन बायका समोरासमोर यायच्या नाहीत, निदान आईची टेप आणि आत्याची पट्टी तरी आणू. निघायच्या दिवशी दुकानातली दीड फुटाची पट्टी मी फ्रॉकच्या आत पाठीला फडक्याने बांधली. फ्रॉक ढगळ, काही दिसत नव्हतं. गाडीत बसवताना आत्या म्हणाली, "आज बरी ताठ बसली आहेस!"

घरी पोचल्यावर आईने पेटी उपसली, पट्टी काही सापडली नाही. मग तिने टेप काढली. ती टेप दुकानात खिळ्याला लटकायची आणि तिच्या खालच्या टोकाला आईची मोठी कात्री बांधलेली. गिऱ्हाइकं येता-जाता कात्री उचलतील, नाहीतर टेप तरी गळ्यात घालून नेतील, असा तिचा सगळ्यांवर वहीम. एक न्यायची तर दुसरीसकट न्यावी लागेल. कित्येक वर्षं ती कात्री तशीच लोंबत होती.

"तीस," आई म्हणाली. परत मोजलं. "तीसच! एकतीस कळवलं होतं. सहा महिन्यांत एकतीसची तीस करून पाठवली माझी पोरगी."

"आई, मी तशीच आहे."

"तुला कसं कळणार? वाळणाऱ्याला वाळलेलं दिसत नसतं. बस झालं. आता तिकडे जायचं नाही. काजा-बटणं शिक."

दुसऱ्या दिवशी आई कपडे पोचवायला बाहेर पडली. मी कात्री सोडली, टेप टेबलावर पसरली आणि शेजारी पट्टी ठेवली. पट्टीचे अठरा इंच भरले तिथे टेप साडेसतरासुद्धा धड दाखवेना. तीन वेळा लावून बघितलं. टेप लांबली होती. तिचा इंच खऱ्या इंचाहून मोठा झाला होता, म्हणून तिने मोजलेलं माणूस कमी भरायचं. आई त्याच टेपने मोजायची आणि त्याच टेपने कापायची. चूक चुकीत जिरायची, गावाचे कपडे बरोबर बसायचे. माझं एकटीचं माप तेवढं परक्या पट्टीवरून आलं आणि बिंग फुटलं.

मी वर बघितलं तर आई दारात.

"ही कोणाची?"

"आत्याची."

"तिने दिली?"

"मी आणली. न विचारता."

आईने पट्टी उचलली, कडेवरून नख फिरवलं. "घासलेली असेल. त्या बाईने टोक घासून आखूड केली असेल."

"लोखंड आहे ते, आई."

"तिला काय अशक्य आहे! जा, सुताराकडून त्याची घडीची पट्टी आण. कशाला हवी ते सांगू नकोस. विचारलं तर म्हण, आईला विचारा."

सुताराने विचारलं नाही. आईला विचारायची हिंमत गल्लीत कोणाला होती? सुताराची पट्टी आत्याच्या पट्टीशी रेघेला रेघ जुळली. आईने दोन्ही खाली ठेवल्या. मग सोडून ठेवलेल्या कात्रीकडे बघत राहिली. ती हातात घेऊन तिने नुसती तोलली.

मला वाटलं, आता टेप चुलीत जाणार. पण आईने मापांची वही उघडली. सगळी गल्ली त्या वहीत होती. मुख्याध्यापिका बाई, सुताराची बायको, तिच्या तीन मुली, वरच्या मजल्यावरची नर्स. कोणाची छाती, कोणाची कंबर, सगळं त्या टेपचं.

"नवी टेप लावली तर या सगळ्यांना परत मोजावं लागेल," आई म्हणाली. "आणि का, म्हणून विचारतील."

तिने टेप होती तशी खिळ्याला लावली. कात्री मात्र गल्ल्यात ठेवून कुलूप घातलं. संध्याकाळी ती बाजारात गेली आणि कोरी टेप घेऊन आली. त्या टेपने मला मोजलं, त्याच टेपने कापड कापलं, आणि मग ती गुंडाळून आपल्या पेटीत ठेवली. गल्लीला जुनी, मला एकटीला नवी.

फ्रॉकच्या काखेला शेवटचा टाका घालताना म्हणाली, "सहा महिने कशाला, पुढल्या महिन्यातच जा तिकडे. पण तिला यातलं अवाक्षर कळता कामा नये. कळलं तर याद राख."

"आणि पट्टी?"

"पेटीत घालू नकोस, ती झडती घेते. आणलीस तशी ने."

आत्या मला घ्यायला आली. मी उतरले, वाकून पेटी उचलली. आत्याने माझ्या बाहीत बोट घातलं, काखेत चिमूट धरायला गेली. चिमटीत काही आलं नाही. ती माझ्याभोवती एक फेरी मारून आली.

"हं. वहिनीला आज काय झालं? अंगाबरोबर शिवलाय." मग माझ्या पाठीवरून हात फिरवला, मानेपासून कमरेपर्यंत. "इतका अंगाबरोबर, की माझी पट्टी दिसतेय."

मी पेटी दुसऱ्या हातात घेतली.

"जाताना ढगळ होता म्हणून तुला वाटलं दिसत नाही. मी काच कापते गं. सरळ रेघ मला कपड्याआडून कळते." तिने चालायला सुरुवात केली. "किती फरक निघाला?"

"कशात?"

"वहिनीच्या टेपेत."

"कसली टेप?"

आत्या थांबली. माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी पण बघितलं. आईने शिकवलं तसं, डोळ्याची पापणी न हलवता.

"आईचीच लेक आहेस," ती म्हणाली. शिवी होती की काय, अजून मला ठरवता आलेलं नाही. खरं तर तिने मला पट्टी मुद्दाम नेऊ दिली का, हेही मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कबूल करावं लागलं असतं.

दुकानात पोचल्यावर तिने मला हातपाय धुवायला लावले, टेबलावर अख्खी काच ठेवली आणि हिरा माझ्या हातात दिला. मी पाठीवरची पट्टी सोडली. दोनदा मोजलं. आत्याने तिसऱ्यांदा मोजलं.

मग मी रेघ ओढली. एकच.