तराजूचं वजन

दुकानदाराच्या मुलीला वस्तू हातात घेतली की तिचं वजन कळायचं. बापाच्या किराणा दुकानात सुट्ट्या घालवून कमावलेली विद्या ती. साखरेची पुडी तळहातावर जरा खालीवर करून ती म्हणायची, "चिमूटभर कमी आहे," आणि काटाही निमूटपणे तेच सांगायचा. गिऱ्हाइकं कौतुक करायची, बाप कौतुक करायचा, आणि कौतुक हे दुधातुपासारखंच अंगी लागतं. हळूहळू ती माणसंही जोखायला लागली. कोण किती बोलतं, किती करतं, कुणी कुणाचं काम कधी केलं आणि ते कितीदा बोलून दाखवलं, सगळं मनातल्या मनात तोलून ठेवलेलं. वर्गात तिचं नाव पडलं काटेवाली. तिला ते आवडलं. कुणीतरी चोख असायला हवंच ना, असा तिचा एकूण सूर.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्गातल्या चौघांचं डोंगरात जायचं ठरलं. उंचावरची एक खिंड ओलांडायची, पलीकडचं निळं तळं बघायचं आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरायचं. काटेवालीने मावशीच्या मुलीलाही बरोबर घेतलं. मावशी आधी तयारच नव्हती.

"आमचं कोकरू गरीब आहे गं," मावशी म्हणाली. "घरातनं बाहेर कधी पडलेलं नाही."

"मी आहे ना, मावशी. तळं दाखवते आणि आहे तशी आणून देते."

"आणून देशील गं. पण तुझ्या पायांना चाकं. तिला मागे टाकून पळू नकोस म्हणजे झालं."

काटेवालीने शब्द दिला. दिलेला शब्द आणि दिलेला माल परत फिरवायचा नाही, हे तिने दुकानातच शिकून घेतलं होतं.

बस डोंगराच्या पायथ्याशी सोडून गेली आणि तिथेच पहिलं भांडण जुंपलं. तंबू, पातेली, स्टोव्ह, दोर, डबाबंद शिधा हे सगळं सामायिक. ते उचलायचं कुणी? पैलवान म्हणून ओळखला जाणारा, शाळेच्या कुस्तीत चमकलेला मुलगा तातडीने दोरावर हात ठेवून मोकळा झाला. दोर दिसायला दांडगा आणि वजनाला हलका, हे काटेवालीच्या नजरेतून सुटलं नाही. दंतवैद्याचा मुलगा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "औषधांची पेटी मी घेतो. ती जबाबदारीची आहे." जिला सगळे रेडिओ म्हणायचे ती मुलगी आपली पाठ, आईची पाठ आणि आजीची पाठ यांची हकीकत सांगत राहिली.

"पातेली घेते मी," मावशीची मुलगी म्हणाली. ही सगळ्यांत धाकटी.

त्यांना वर नेणारी बाई डोंगरातल्या वाटा तुडवण्यातच केस पिकलेली. मुलं सगळा निवाडा तिच्याकडे न्यायला निघाली, तर ती बुटांच्या नाड्या बांधता बांधता म्हणाली, "सामान तुमचं, खांदे तुमचे. मी फक्त वाट दाखवते."

मग काटेवालीने आपल्या बॅगेतून लोखंडी वजन काढलं. दुकानातलं, काळं, मुठीत जेमतेम मावणारं. बापाला न विचारता आणलेलं. ही वेळ येणार हे तिला ठाऊक होतं. तिने एक सरळ काठी शोधली, एका टोकाजवळ दोरी बांधून ती फांदीला टांगली. आखूड टोकाला बॅग अडकवायची आणि लांब टोकावर वजन पुढेमागे सरकवायचं. काठी आडवी थांबेल तिथे तिने चाकूने खूण केली. पैलवानासाठी थोडी पुढे वेगळी खूण केली, म्हणजे त्याला वाईट वाटण्याऐवजी बरं वाटलं. मग एकेकाची बॅग टांगून कुणाचा डबा काढ, कुणाला पातेलं घाल, असं करत सगळ्यांचं ओझं खुणेला आणलं. दंतवैद्याच्या मुलाच्या बॅगेत पातेलं आणि पेटी दोन्ही गेली, तेव्हा रेडिओही थोडा वेळ बंद पडला.

"न्याय झाला," काटेवाली म्हणाली. तिने तराजू मोडला, काठी आधाराला हातात घेतली, वजन फडक्यात गुंडाळून धाकटीकडे सांभाळायला दिलं, आणि सगळे निघाले.

रोज सकाळी हाच विधी. तोलायचं, समान करायचं, निघायचं. काटेवाली पैलवानाच्या पाठोपाठ चालायची आणि प्रत्येक चढावर खूश व्हायची. वाट छानच होती. फुलं गुडघ्यापर्यंत, ओढ्यांचं पाणी दात बधिर करणारं, आणि दर वळणावर रेडिओ आपल्या एखाद्या नातेवाइकाची गोष्ट अर्धी टाकून नवी सुरू करायची.

फक्त धाकटी मागे पडत होती. पहिल्या दिवशी थोडी, दुसऱ्या दिवशी बरीच. पुढचे टेकायचे, घाम पुसायचे, बिस्किटं खाऊन गप्पा मारायचे, तेव्हा कुठे ती खालच्या वळणावर दिसायची. ती येऊन पोचेपर्यंत बाकीच्यांची विश्रांती झालेली असायची, त्यामुळे तिला ती मिळायचीच नाही.

"गोगलगाय आली," रेडिओ म्हणाली. नाव चिकटलं. धाकटीही हसली. हसण्यात ती कुणाच्या मागे नव्हती.

काटेवालीला हे कोडं सुटेना. ओझं सगळ्यांचं सारखं, तिच्या हातचं तोललेलं. शिधा संपत चाललेला, म्हणजे बॅगा हलक्याच होत होत्या. हिशोब जुळत होता, माणूस जुळत नव्हतं. आणि अशा वेळी चोख लोक करतात तेच तिने केलं. चूक माणसाच्या खात्यावर टाकली. मावशीने लाडावून ठेवली आहे, बाकी काही नाही.

खिंडीखालच्या मुक्कामाला दगडी झोपडी होती. आत एकच खोली, भिंतीला लागून झोपायच्या फळ्या, मधोमध शेगडी, तिच्यावर दोरी आणि दोरीवर सगळ्यांचे मोजे. सांभाळायला एक रखवालदार, मोज्यांच्या वासाला कधीच सरावलेला. सूप पिऊन झाल्यावर बाई म्हणाली, "उद्या दुपारी वर ढग येतात. त्याआधी खिंड ओलांडायची. मधे दगडांची रास लागते. पाण्याचा पाइप बघायला हा रखवालदार रोज तिथवर येतो. त्या रासेपाशी जो शेवटी पोचेल आणि धापा टाकत पोचेल, तो याच्याबरोबर माघारी. पुढे मी कुणासाठी थांबू शकत नाही."

कुणी धाकटीकडे पाहिलं नाही. इतक्या काळजीपूर्वक पाहिलं नाही की ते लगेच कळलं.

"तिनं इथेच थांबलेलं बरं नाही का?" पैलवान सुपाच्या वाटीत बघत म्हणाला. "म्हणजे तिच्याच दृष्टीने म्हणतोय."

"थांबते मी," धाकटी म्हणाली. "ताई, तू जा. तळ्याचं मला सांग नंतर."

काटेवालीला हायसं वाटलं. मग मावशीचा चेहरा आठवला आणि हायसं वाटल्याचं वाईट वाटलं. तळं तिलाही हवं होतं, मनापासून हवं होतं, आणि शब्दही मोडायचा नव्हता. तोलून पाहिलं, तर आयुष्यात पहिल्यांदा तिला कुठली बाजू जड ते कळेना.

"इथे कुणी थांबायचं नाही," बाई म्हणाली. "रासेपर्यंत सगळे चालतील. मग बघू."

सकाळी झोपडीच्या दाराशी तराजू टांगला गेला, बॅगा तोलल्या गेल्या, तराजू मोडला. मग सगळे जरा इकडेतिकडे झाले, कुणी नाड्या बांधायला, कुणी पाणी भरायला. निघायला म्हणून सगळे गोल करून उभे राहिले, तेव्हा बाई म्हणाली, "शेवटच्या चढाला माझी एक पद्धत आहे. आपली बॅग खाली ठेवा. उजवीकडच्याची उचला."

"का पण?" रेडिओने विचारलं.

"इतके दिवस शेजारी चाललात. शेजाऱ्याचा पट्टा कुठे रुततो ते कळू दे."

काटेवालीच्या उजवीकडे धाकटी होती. तिने बॅगेचा पट्टा धरला, उचलायला गेली आणि बॅग जागची हलेना. दुसऱ्यांदा तिने पाय रोवले. बॅग पाठीवर चढली तशी ती दोन पावलं आपोआप मागे गेली. हे खुणेचं वजन नव्हतं, हे तिच्या हाताला तेव्हाच कळलं. पण बोलायचं काय? बॅग तिनेच तोलली होती, तीही आत्ताच. जड आहे म्हणायचं तर आपला तराजू खोटा म्हणायचा. तिने पट्टे ओढून घट्ट केले. तोवर बाई चालायलाही लागली होती.

चढ असा की पुढच्याची टाच मागच्याच्या नाकासमोर. काटेवाली आधी पैलवानाच्या मागे होती, मग दंतवैद्याच्या मुलाच्या, मग रेडिओच्या, मग कुणाच्याच नाही. पट्टे खांद्यात रुतले. पाठीत काहीतरी टोकदार टोचत होतं. वर पुढच्यांचा हशा ऐकू यायचा, ती तिथे पोचायची तोवर हशा आणखी वर गेलेला असायचा. एका वळणावर मान वर करून पाहिलं तर सगळ्यांत पुढे, बाईच्या बरोबरीने, रेडिओची बॅग पाठीवर घेऊन कुणीतरी शेळीसारखं टणाटण दगडांवरून चाललं होतं. ती धाकटी होती.

दगडांच्या रासेपाशी काटेवाली पोचली तेव्हा बाकीचे बिस्किटं खाऊन बोटं झटकत होते.

"गोगलगाय आ—" रेडिओच्या तोंडून सवयीने निघालं आणि अर्ध्यातच गिळलं गेलं.

काटेवाली गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. भाता चालावा तसा श्वास चाललेला.

"शेवटी," बाई म्हणाली, "आणि धापा टाकत." तिने रखवालदाराकडे पाहिलं. त्याने हातातला पाण्याचा पाइप खाली ठेवला, हात पुसले.

काटेवालीने मान वर केली. खिंड समोर दिसत होती, आभाळात कुणी चिमटा काढल्यासारखी. बॅग जड आहे, एवढं म्हटलं की पुरे होतं. मग बॅग उघडली जाईल. मग सगळ्यांदेखत तराजूची शोभा. तिने सगळं तोलून पाहिलं आणि तोंड उघडलं, पण तिच्याआधी दुसरंच कुणी बोललं.

"बाई, ती बॅग माझी आहे," धाकटी म्हणाली. "थोडी जड आहे ती."

बाईने ती बॅग एका हाताने उचलली, म्हणजे उचलायला गेली. "थोडी?" मग तिने ताडपत्री पसरली आणि बॅग उलटी केली.

आधी स्वयंपाकाची पातेली आणि धाकटीचे कपडे आले, तेवढे हक्काचे. मग पैलवानाचा दूध-पावडरचा मोठा डबा आला. दंतवैद्याच्या मुलाच्या कॅमेऱ्याचं तिपाई स्टँड आलं, टोचत होतं ते हेच. रेडिओचे जास्तीचे बूट आले, आणि पाठोपाठ तिची उशी. सगळे आभाळाकडे, दगडांकडे, एकमेकांच्या कानांकडे बघायला लागले.

"मी फक्त धर म्हटलं होतं जरा," पैलवान म्हणाला. "संध्याकाळी घेतोच की परत."

"मीपण जराच म्हटलं होतं," दंतवैद्याचा मुलगा म्हणाला.

"तू घेतलंस कशाला सगळ्यांचं?" काटेवालीने धाकटीला विचारलं. श्वास परत आला तसा आवाजही आला होता. "रोज? तोलून झाल्यावर?"

"माझ्यामुळे तुम्हाला थांबावं लागतं ना. वाटलं, तेवढीच मदत."

म्हणजे ओझं होतं म्हणून ती मागे पडायची, आणि मागे पडायची म्हणून ओझं घ्यायची. काटेवालीने पैलवानाकडे वळून तोंडाची तोफ उघडायची तयारी केली. तेवढ्यात बाईने बॅग एकदा झटकली आणि तळातून एक फडक्याचं गाठोडं धप्पकन ताडपत्रीवर पडलं. फडकं सुटलं. काळं लोखंडी वजन उन्हात चकाकलं.

"हे कुणाच्या वाटणीचं?" बाईने विचारलं.

"तराजूचं आहे ते," काटेवाली म्हणाली.

"आणि तराजू कुणाच्या वाटणीचा?"

काटेवालीने वजनाकडे पाहिलं. सगळ्या सामानात एवढी एकच वस्तू कधी तोलली गेली नव्हती. "वजनाचं वजन धरत नाहीत ना," ती हळूच म्हणाली. "दुकानात कुणी धरत नाही."

पहिल्यांदा रखवालदार हसला. मग पैलवान फुटला, मग रेडिओ, आणि शेवटी काटेवालीच्याही ओठांचा एक कोपरा हलला. कान मात्र लाल झाले होते.

"आज शेवटी ही बॅग आली," बाई म्हणाली. "माणूस शेवटी आलेला मला दिसला नाही. ज्याचं त्यानं उचला. ढग वाट बघणार नाहीत."

रखवालदाराने हात पुढे केला. "ते लोखंड द्या खाली न्यायला. झोपडीत दाराला लावतो."

"नको. पलीकडच्या बाजूने उतरायचंय आम्हाला," काटेवाली म्हणाली. "आणि दुकानातलं आहे ते. बाबांना अजून पत्ता नाही." तिने ते आपल्या बॅगेत घातलं.

पुढच्या चढावर धाकटी पहिली होती आणि काटेवाली शेवटची. शेवटून सगळ्यांच्या पाठी दिसतात, हे तिला नव्यानेच कळलं. पैलवान दुधाचा डबा पोटाशी धरून चालला होता. रेडिओने उशी डोक्यावर बांधली होती आणि बराच वेळ ती खरोखर गप्प होती.

खिंडीच्या तोंडाशी वारा सुटला. ढग अजून खाली, दरीत लोळत होते. पलीकडे तळं, निळं आणि निवांत. धाकटी खिंडीच्या माथ्यावरून परत चार पावलं खाली आली.

"ताई, दे ते लोखंड इकडे. जरा धरते मी."

"नाही," काटेवाली म्हणाली. "माझं आहे. मीच नेईन."

धाकटीने तिच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. ‘नाही’ हा शब्द असाही वापरता येतो, हे जणू तिला कुणी आजवर सांगितलंच नव्हतं. मग तिने अंगातलं जाकीट काढलं, पाण्याची बाटली काढली, टोपी काढली, आणि सगळं काटेवालीच्या हातात कोंबलं.

"मग हे जरा धर ना," ती म्हणाली आणि तळ्याकडे धावत सुटली.