पान एकोणतीसवरचं चित्र

नवरा गेल्याला महिना झाला, तेव्हा केंद्रातून फोन आला. ध्वनिमुद्रणाच्या खोलीला त्याचं नाव द्यायचं ठरलं होतं. दारावर पाटी लागणार होती. तिच्यावरचा मजकूर घरच्यांनी एकदा नजरेखालून घालावा, एवढंच म्हणणं होतं. आई लेकीला घेऊन गेली.

अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचं हे केंद्र. नवरा नोकरीत नकाशे काढायचा आणि सुटला की थेट इथे यायचा. सहा ते नऊ आणि रविवारी दिवसभर, अशी सोळा वर्षं. मुलं त्याला आवाजकाका म्हणायची. त्याने वाचलेला भूगोल ऐकला की नदी कुठून कुठे जाते ते बोटाला कळतं, असं एका मुलाने पत्रात लिहिलं होतं.

घरी मात्र आवाजकाकाचा आवाज नसायचा. घसा राखायला हवा, म्हणून तो मानेनेच हो-नाही करायचा. भाजीत मीठ कमी असेल तर मिठाच्या बरणीकडे बोट. लेक दहा वर्षांची असताना एकदा जेवताना म्हणाली होती की, बाबांनी आपल्याशी बोलायला हवं असेल तर आधी आंधळं व्हायला लागेल. आईने तिच्या थोबाडीत दिली होती. नंतर जवळ घेऊन समजावलंही होतं, की बाबा मनाने वाईट नाहीत गं, त्यांच्या लक्षातच येत नाही. वाढदिवस विसरला, लक्षात आलं नाही. शाळेच्या नाटकाला आला नाही, लक्षात आलं नाही. या एका वाक्यावर आईने सोळा वर्षं संसार रेटला. तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. माणूस भोळा आहे म्हटलं की बरंच काही गिळता येतं.

केंद्राचे संचालक स्वतः अंध होते. त्यांनी दोघींना खुर्च्या दिल्या आणि मजकुराचा कागद पुढे केला. ‘प्रेमळ पती, वत्सल पिता आणि हजारो मुलांचा आवाज.’

आईने तो वाचला आणि लेकीकडे दिला. लेकीने ओठ मुडपले आणि कागद परत दिला. आईला हायसं वाटलं. निघण्याआधी तिने भीतभीत विचारलं, त्याचा आवाज जरा ऐकायला मिळेल का? घरी त्याचा आवाज कशातच नव्हता.

संचालकांचा चेहरा उजळला. मुलांच्या सगळ्यात आवडीचं पान तुम्हाला ऐकवतो, म्हणाले. चौथीचं जुनं पुस्तक, पान एकोणतीस, ‘आपलं कुटुंब’. पुस्तकात नुसतं चित्र छापलेलं, आणि अंध मुलांना चित्र सांगावं तर आवाजकाकांनीच. त्यांनी कपाटातून ते छापील पुस्तकही चाचपून काढलं आणि लेकीच्या हाती दिलं.

आवाज सुरू झाला. मोकळा, खेळकर, मुलांच्या शेजारी मांडी घालून बसलेला आवाज. आईने तो लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकला होता.

“मुलांनो, चित्रात एक घर आहे. संध्याकाळ झाली आहे. आई खिडकीपाशी उभी आहे. ताट वाढून झाकून ठेवलंय. ती रस्त्याकडे बघते आहे, पण बघत नाही असं दाखवते आहे. जमिनीवर मुलगी वही घेऊन बसली आहे. तिला एक गणित अडलंय. ते ती कुणाला विचारत नाही, कारण विचारायचं सोडून तिला बरेच दिवस झाले. बाबा या चित्रात नाहीत. आता प्रश्न पहिला. चित्रातल्या माणसांची एकमेकांशी असलेली नाती सांगा.”

लेकीने पान एकोणतीस उघडलं होतं. चित्रात चौघंजण गोल बसून हसत जेवत होते. बाबा मधोमध होते आणि धाकटं पोर त्यांच्या मांडीवर होतं. खिडकी नव्हतीच. तिने पुस्तक आईपुढे सरकवलं.

“आई, त्यांच्या लक्षात येत होतं.”

आईने सवयीने तोंड उघडलं. नेहमीचं वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं. झाकलेलं ताट त्याला दिसलं होतं. खिडकी दिसली होती. अडलेलं गणितसुद्धा दिसलं होतं. सगळं पाहून, नीट शब्दांत बसवून, तो दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा इथेच आला होता.

“ऐकताना अगदी डोळ्यांसमोर उभं राहतं, नाही?” संचालक म्हणाले. “वहिनी, मजकूर ठीक आहे ना? पाटीवाला थांबलाय.”

“पती काढा,” आई म्हणाली. “पिताही काढा. आवाज तेवढा ठेवा. तो तुमचाच होता.”

संचालकांना भरून आलं. त्यांनी हात जोडले. “एवढा माणूस आमच्या पदरात टाकलात आणि वर पाटीवरचा हक्कही सोडताय. केवढं मन तुमचं, वहिनी.”

लेक ताडकन उठली. हे मन वगैरे काही नाही, म्हणाली, मी सांगते तुम्हाला काय आहे ते. अशा वेळी आजवर आई तिचा हात धरून तिला खाली बसवायची.

आज तिने हात मांडीवरच ठेवला.