एक हात खिशात

आमच्या ह्यांचा एक नियम आहे: विजेचं काहीही तपासायचं तर एक हात खिशात. दोन्ही हात लागले तर झटका छातीतून जातो म्हणे. दुरुस्तीच्या दुकानात चाळीस वर्षं शिकाऊंना हेच ओरडून सांगितलं. मी तिथेच गिऱ्हाइकं बघायचे, त्यामुळे ओरडा मलाही फुकटात मिळाला.

गेल्या वर्षीच्या आजारपणापासून त्यांचा उजवा हात कापतो. तरी माझ्या रेडिओला सेल लागू नयेत म्हणून महिनाभर खपून त्यांनी घरच्या विजेवर चालणारा सहा व्होल्टचा सप्लाय बनवला. एरवी दोन दिवसांचं काम. "हा बिघडला तर हत्यारं भाच्याला देऊन टाकतो," असं काल जेवताना म्हणाले.

आज सकाळी टेबलावर सप्लायचा डबा मांडला. मीटरची काळी वायर चिमट्याने अडकवली, बटण दाबलं, डावा हात खिशात घातला आणि उजव्या हातात लाल टोक धरलं. ते जागेवर टेकेचना.

"दोन्ही हातांनी धरा की."

"नियम म्हणजे नियम."

"मग माझ्याकडे द्या."

"आणि तुझा दुसरा हात?"

माझ्या गाऊनला खिसा नव्हता. मी हात सरळ त्यांच्याच खिशात खुपसला, त्यांच्या हाताशेजारी. लाल टोक टेकवलं. काटा पावणेनऊवर गेला.

"सहाचे पावणेनऊ!" त्यांचा चेहरा उतरला. "रेडिओ जाळला असता तुझा. संपलं आपलं." आणि एका हाताने हत्यारं गोळा करायला लागले.

माझं डोकंच फिरलं. "अहो, भार कुठे लावलाय, साधा बल्बसुद्धा जोडलेला नाही? रिकामा सप्लाय जास्तच दाखवणार, आधी भार लावा आणि मग बोला, हे कोण कोकलत होतं इतकी वर्षं? मी काय कान घरी ठेवून दुकानात यायचे?"

त्यांनी हातातली हत्यारं खाली ठेवली. मग त्यांनी बटण बंद करून सायकलच्या दिव्याचा बल्ब जोडला. चिमटा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला. बटण दाबलं, बल्ब पेटला, मी लाल टोक पुन्हा टेकवलं, आणि काटा या वेळी सहावरच थांबला.

"सहा," ते म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, "सहा." खिशातल्या हाताने माझा हात घट्ट धरला.

"आता काढू का हात?"

"थांब. अजून रेडिओ जोडायचाय."