धुरपदाची घोडी

माझं तोंड वाईट, हे मीच सांगते. लोकांनी सांगायच्या आधी आपणच सांगितलेलं बरं. साखरा गावात अख्खी गल्ली मला भ्यायची, आन आमचे मालक व्यंकटराव तर माझा आवाज चढला की सरळ वावराची वाट धरायचे. पण त्या कार्तिकात मी एका किड्यापायी अशी घाबरले, अशी घाबरले, की आठ दिस घशाखाली घास उतरला न्हाई.

जर्मनची लढाई चालू व्हती, घासलेट मिळत नव्हतं, त्या सालची गोष्ट. माझी नणंद धुरपदा तवा आमच्याकडंच ऱ्हायची. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आन सासरच्यांनी आणून सोडली, त्याला अकरा वर्षं झालेली. गरीब गाय. दिलं ते खायची, सांगितलं ते करायची, मी टाकून बोलले तरी उलट शब्द न्हाई. तिचं म्हणून घरात काय व्हतं? दोन लुगडी, आन एक खंडोबाची घोडी.

घोडी म्हंजे तो हिरवा, बोटाएवढा किडा, पुढचे दोन पाय जोडून नमस्कार करत बसतो ना, तो. भादव्यात निंदताना तिला सापडली. धुरपदानं दुरडीत लिंबाची डहाळी उभी केली, वर फडकं बांधलं, आन माश्या धरून चारायला लागली. मी म्हणायची, "माणसांना कोरड्यास न्हाई आन किड्याला मेजवानी!" ती नुसती हसायची.

कार्तिकापर्यंत घोडी म्हातारी झाली. एक पाय लुळा पडला, डोळ्यांवर काळे डाग आले, समोरची माशी बी धरता येईना. धुरपदा माशी चिरडून तिच्या तोंडाशी लावायची, कापसाच्या वातीनं पाण्याचा थेंब पाजायची. पोट तेवढं भुईमुगाच्या शेंगेसारखं फुगलेलं.

तशात गावातल्या बाया औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघाल्या. गाडीत एक जागा उरली, मालकांनी बहिणीला पाठवलं. जाताना ती दुरडी घेऊन माझ्यापुढं उभी राहिली.

"वहिनी, तीन दिस संभाळा. आज-उद्या अंडी घालंल. तेवढी घालू द्या, मग मेली तरी चालंल."

अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं काही मागितलं. मी म्हणाले, "ठिव तिथं. खात न्हाई मी तिला." पण चुलीपुढून उठून दहादा बघून यायची. हलली का, जिती हाय का.

दुसऱ्या दिशी दुपारी फडकं उचललं, तर घोडी डहाळीला उलटी लटकलेली आन तिच्या अंगातून पांढरा फेस येऊन राहिलेला! आमी शेतकरी माणसं. कोवळी ज्वारी खाल्लेल्या गाईला फेस येतो, ती घटकाभरात जाते, एवढंच आमाला ठाव. फेस म्हंजे इख. तोंड कुठलं आन शेपूट कुठलं, एवढं बघायला धीर कोणाला? ओल्या फडक्यानं सगळा फेस पुसून काढला. गाईला देतात तसं गुळाचं पाणी केलं, वातीनं तिच्या अंगावर सोडलं. परत फेस आला, परत पुसला. देवा नागनाथा, म्हटलं, धुरपदा येईस्तोवर हिला जितं ठिव.

तेवढ्यात तांड्यावरची जिवनबाई सरपणाची मोळी घेऊन आली. फडक्यावरचा गोळा तिनं बोटानं चाचपला.

"पाटलीणबाई, हे काय केलं? ही तर अंडी! आधी फेस येतो, मग वाळून घट्ट होतो. कापसाच्या पऱ्हाटीला चिकटलेली दिसतात की."

सांजेला घोडी मेली.

"आता तिला काय तोंड दाखवू गं?" मी रडायलाच लागले. जिवनबाईला दया आली. वावरातून ती दुसऱ्या घोडीचं अंड्याचं बोंड घेऊन आली, बाभळीच्या डिंकानं आमच्या डहाळीला चिकटवलं. म्हणाली, "तिला काय कळतंय?"

धुरपदा आली. मेलेली घोडी बघितली, बोंड बघितलं. मी एका दमात बोलले, "घातली गं बाई अंडी, मग गेली बिचारी." ती डहाळीकडं बघत राहिली आन म्हणाली, "बरं झालं वहिनी. तुमाला तकलीफ झाली."

तिथून माझे हाल सुरू झाले. ती रोज सकाळी डहाळी उन्हाला ठिवायची, मुंग्या झाडायची, आन मी तोंड फिरवून चुलीपुढं जाऊन बसायची. जिवनबाई दारात आली तरी मी दचकायची. कोणाला न भ्यालेली मी, या मुक्या पोरीच्या रागाला भ्याले. आठव्या दिशी ती अंगणात ज्वारी पाखडत बसलेली, मी जाऊन समोर बसले आन सगळं ओकून टाकलं.

सूप हलायचं थांबलं न्हाई. "ठाव हाय मला," ती म्हणाली. "त्याला डिंक हाय की. आल्या दिशीच दिसला."

"मग तवाच बोलली काहून न्हाई?" मी ओरडलेच. चोर मी, आन ओरडणारी बी मीच!

"बोलून काय करू, वहिनी? रागवायला बी माणसाला सोताचं घर लागतं."

अकरा वर्षं मी तिला गरीब गाय समजून राहिले व्हते.

"धुरपदे, रागव," मी म्हणाले. "आत्ता रागव. माझ्या गळ्याची आण हाय तुला."

तिनं न्हाई म्हणून मान हलवली. मग हातातलं सूप तिनं धाडकन आपटलं. ज्वारी अंगणभर झाली.

"काहून हात लावला माझ्या घोडीला? काहून पुसलं? माझं तेवढंच व्हतं या घरात!"

आवाज ऐकून मालक गोठ्यातून पळत आले. "काय झालं? काय झालं?"

"तुमी मधी पडू नका," मी म्हणाले. "तिला बोलू द्या."

ती दिवस मावळेस्तोवर बोलत व्हती. घोडीचं संपलं, मग लुगड्यांचं निघालं, शिळ्या भाकरीचं निघालं, मी कवाच इसरलेलं एकेक निघालं. मी ज्वारी गोळा करत ऐकत बसले.