खेटून बसलेले चौकोन

शिनोलीच्या यात्रेत दरवर्षी पहिलं भांडण दुकानांच्या जागेवरून व्हायचं. फक्कीच्या रेघा मारल्या तरी कुणाचं तरी पाल शेजारच्याच्या हद्दीत घुसायचंच. २००५ साली वैजयंतीनं चुलत्याच्या हातातला नकाशाच काढून घेतला. "तात्या, औंदा हे माझ्याकडं द्या."

चिमाजी यात्रा कमिटीत होते. पुतणी घोडेगावात कॉम्प्युटरचे क्लास घेते एवढंच त्यांना ठाऊक. तिनं कॉलेजात असताना एक छोटी लायब्ररी लिहिली होती. लायब्ररी म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅमला उसनी घेता येईल अशी तयार कामं. हिची कामं फक्त आयतांची: दोन आयत एकमेकांवर चढतात का, किती चढतात, मोठ्यातून लहान वजा केला तर काय उरतं.

तिनं नकाशावरून बासष्ट दुकानांच्या जागा आणि मापं भरली. उत्तर आलं, एकतीस ठिकाणी भांडण.

"अगं, सगळं मैदानच एकमेकांच्या उरावर बसलंय व्हय?" चिमाजी हसले. कमिटीतले बाकीचेही हसले.

वैजयंती चिडली नाही. आपला कोड चुकणार नाही, आणि चुकला तर चूक सापडल्याशिवाय राहणार नाही, याची तिला खात्री होती. ती टेप घेऊन थेट मैदानात गेली. बांगड्यावाली झुंबरबाई आणि शेजारची फणीवाली सारजाबाई पालं ठोकत होत्या, दोघींत मिळून एकच दोरी. भांडणांच्या यादीत या दोघींचंही नाव होतं.

"मावशी, तुमची जागा एकमेकीत जातीय का?"

"न्हाई गं बाई. खेटून बसलोय आमी. खेटणं म्हंजी काय मांडीवर बसणं हाय?"

वैजयंती तिथंच थबकली. कडेला कड लागली तरी तिचा कोड ते चढणंच धरत होता. तुलनेत 'पेक्षा कमी'च्या चिन्हाला एक 'बरोबर'चं (=) चिन्ह जास्तीचं चिकटलं होतं. क्लासवर परत जाऊन तिनं ते काढलं, पुन्हा चालवलं. एकतीसचे दोन झाले.

पहिल्या ठिकाणी भेळवाल्यानं स्वतःहूनच जागा सोडली. दुसरा होता पाळणेवाला संपत. त्याचा घोड्यांचा गोल फिरणारा पाळणा मिठाईच्या दुकानात चार फूट जात होता.

"कागदावर काय बी निघंल," संपत म्हणाला. चिमाजींनी टेप लावली. बरोबर चार फूट. संपतनं वाकून टेपवरचा आकडा स्वतः बघितला.

"हलू कुठं पण? जागा हाय का?"

"आहे." वैजयंतीनं उरलेल्या जागांची यादी पुढं केली. "देवळामागं, चाळीस बाय पन्नास. तुमचं समदं सामान मावतंय."

यात्रेत त्या साली एकही पाल उखडलं गेलं नाही. चिमाजी ज्याला त्याला सांगत सुटले, "आमच्या वैजूचं गणित हाय ते!"

निघताना संपतनं तिला गाठलं. "पर ताई, पाळणा गोल हाय राव. तुमी चौकोनात कसा बसवला?"

"सध्या बसवलाय," ती म्हणाली. "गोलाचं पुढच्या वर्षी बघते."