काच चांगली होती

बंदुकीवरची दुर्बीण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पारखायची नसते, असं ओनीचं ठाम मत होतं. तशी ओनीची सगळीच मतं ठाम असायची, हवामानापासून बहीण हेल्मीच्या स्वयंपाकापर्यंत. "दुकानात सगळ्याच काचा गोड बोलतात," तो म्हणायचा. "बाहेर काढायची, उजेड मावळू द्यायचा, मग कळतं कुणात किती दम आहे ते." म्हणून नोव्हेंबरच्या तेरा तारखेला, हरणांचा मोसम उघडायला दोन दिवस राहिले असताना, तो आपल्या बहिणीच्या नवऱ्याला, रूडी साल्मेलाला, डार्लीनच्या दुकानात घेऊन आला तो मुद्दाम दिवस कलताना.

रूडी घाबरलेला होता. गेलं वर्षभर घाबरलेला होता. पण चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही हे त्याच्या घराण्यातच मुरलेलं, त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की म्हातारा पैशाला चिकटलाय. जुनी दुर्बीण धुकटली म्हणून गेल्या मोसमात त्याने ती तळ्यात भिरकावून दिली होती, आणि तेव्हापासून नवीचं नाव काढलं की तो खोकत खोकत विषय बदलायचा. चिक्कू म्हणवून घेणं त्याला सोयीचं होतं. खरं कारण जंगलातल्या ओनीच्या झोपडीत, चुलीच्या वर, खिळ्याला टांगलेलं होतं.

तो देवदाराचा वीतभर तुकडा होता. मधोमध भोक, भोकात अडकलेली गोळी, आणि खाली ओनीच्या अक्षरात लिहिलेलं: 'पुलाखालच्या पाहुण्याकडून सप्रेम भेट.'

मोठ्या पुलाच्या दक्षिणेकडून जे लोक शिकारीला वर येतात ते सगळे पुलाखालचे. इकडे झाड पडलं, कुत्रं हरवलं, बियर संपली, तरी दोष पुलाखालच्यांचा. म्हणूनच गेल्या मोसमात ओनी दलदलीच्या कडेला पोटाच्या तक्रारीपायी उकिडवा बसला असताना, माणूस ओळखू यावा म्हणून घालायचा नारिंगी कोट फांदीवर आणि अंगात नुसता तपकिरी लोकरी स्वेटर असताना, त्याच्या डोक्यावर वीतभर अंतरावर देवदारात गोळी घुसली, तेव्हा ती कुणाची याची चौकशी करायचंही कुणाला सुचलं नाही. ओनी ही गोष्ट झोपडीत आल्यागेल्याला सांगायचा, चड्डी सावरत पळाल्याचा अभिनय करून. लोक हसून हसून टेबलं बडवायचे. रूडीही हसायचा. आणि चुलीकडे पाठ करूनच जेवायचा.

कारण गोळी त्याची होती. त्याने दुर्बिणीतून तपकिरी ठिपका पाहिला होता. मान नाही, पाय नाही, शिंगं नाहीत, नुसता ठिपका. पूर्ण जनावर ओळखल्याखेरीज बोट घोड्यावर न्यायचं नाही, हे बापाने त्याला बाराव्या वर्षी कान पिळून शिकवलं होतं आणि पंचावन्न वर्षं त्याने ते पाळलं होतं. त्या दिवशी पाळलं नाही. आवाज झाला आणि मागोमाग ओनीची शिवी ऐकू आली. तो वीस मिनिटं बर्फात बसून राहिला. मग लांबचा वळसा घालून दुसऱ्या बाजूने आला आणि म्हणाला, "काय रे, कोणी झाडली?"

दुर्बीण धुकटली होती, एवढंच त्याने स्वतःला सांगितलं. काच खराब होती. तशी अलीकडे पुष्कळ काच खराब निघत होती. महिन्यापूर्वी त्याने गाडीची पुढची काचही बदलून घेतली होती, समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे पसरतात म्हणून.

"किती खर्चायचेत?" डार्लीनने विचारलं. पन्नाशीची बाई, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, बोलणं धारदार.

"दीडशे डॉलरच्या आत," रूडी म्हणाला. "नाहीतर राहू दे. घाई काही नाही."

"घाई नाही?" ओनी ओरडला. "परवा मोसम उघडतोय! डार्लीन, याचं ऐकू नकोस. हा सरणावर चढतानाही लाकडाचा भाव विचारेल."

डार्लीनने तीन दुर्बिणी काउंटरवर मांडल्या. सगळ्यात स्वस्त होती ती सगळ्यात लांबलचक, चोवीस पट मोठं दाखवणारी. रूडीने ती उचलली. जास्त मोठं दिसलं तर जास्त नीट दिसेल, असा त्याचा साधा हिशोब.

"ठेव ती," डार्लीन म्हणाली. "चोवीस पट घेऊन काय चंद्रावरची हरणं मारणार आहेस? तुमच्या त्या दलदलीत पन्नास पावलांवर झाडी. एवढ्या मोठ्या आकड्यात हरणाचे केस दिसतील, हरीण नाही दिसणार. ही घे. दोन ते सात पट, एकशे साठ. साधी आहे, पण काच प्रामाणिक आहे."

हरीण नाही, नुसते केस; रूडीला तो तपकिरी ठिपका आठवला. त्याने मुकाट्याने दुसरी उचलली.

दुकानाच्या मागे माल उतरवायचा ओटा होता. खरी बंदूक घेऊन गावात रोखायची नाही, म्हणून डार्लीनने एक जुना लाकडी दस्ता ठेवला होता, ना नळी ना घोडा, फक्त वर दुर्बीण बसवायची सोय. तिने एकशे साठवाली त्यावर चढवली आणि रूडीच्या हातात दिली. आकाश राखाडी झालं होतं. बर्फाचे बारीक कण उडत होते. समोर लाकडाच्या वखारीचं आवार होतं, पलीकडे ओंडक्यांचा ढीग.

रूडीने दस्ता खांद्याला लावला. आत दूध सांडल्यासारखं दिसलं.

"डोळ्याकडची कडी फिरव," डार्लीन म्हणाली. त्याने फिरवली. एका टोकापर्यंत, मग दुसऱ्या टोकापर्यंत. दूध हललं नाही.

"ही पण धुकटलेली आहे," तो म्हणाला.

डार्लीनने त्याच्या हातातून घेऊन स्वतः पाहिलं. "स्वच्छ आहे."

ओनीनेही पाहिलं. "आरशासारखी! ढिगावरच्या ओंडक्यांवरचे खडूचे आकडे वाचून दाखवू? सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. अरे, ही तर माझ्या चारशेवालीच्या तोंडात मारते!"

रूडीने ढिगाकडे पाहिलं. तिथे आकडे होते? त्याला तर ओंडकेही वेगळे दिसत नव्हते. म्हणजे काच खराब नव्हती. तळ्यात टाकलेली तीही नव्हती, आणि गाडीची तर मुळीच नव्हती.

"परवाचं बघ ना," तो घाईघाईने म्हणाला, "कंबर दुखतेय रे. यंदा मी नाही आलो तर चालेल का?"

"म्हणून तर मी बेत बदललाय," ओनी खुशीत म्हणाला. "तू टेकाडावर नुसता बसून राहा. दिवसाच्या शेवटच्या तासाला मी एकटा दलदलीतून हाकारे घालत येतो, हरणं सरळ तुझ्याकडे. तुला पाऊल उचलायला नको." 

"माझ्याकडे चालत येणार तू?"

"मग काय उडत येऊ? थांब, तुझी शंका फेडतो." एवढं बोलून ओनी ओट्यावरून उतरला आणि आवार ओलांडून ओंडक्यांकडे चालू लागला.

"ओनी, माणसावर धरत नाहीत, लाकूड असलं तरी," डार्लीनने हटकलं. पण तो गेलाच. ढिगाजवळ उभा राहून त्याने हात वर केला. "रूडी! किती बोटं?"

रूडीने दस्ता उचलला. दुधात एक मळकट, तपकिरीकडे झुकणारा ठिपका होता. अंगावर नारिंगी कोट असूनही तपकिरी. मान नाही, पाय नाही. अगदी गेल्या वर्षीचा ठिपका. त्याच्या उजव्या हाताचं बोट सवयीने घोडा शोधायला पुढे सरकलं आणि गुळगुळीत लाकडावर घसरलं. खरी बंदूक असती तर? परवा खरीच असणार होती.

"किती?"

"दोन!" तो ओरडला. काहीतरी ओरडायचं म्हणून.

"शाब्बास!" ओनीने टाळी वाजवली आणि हसत परत आला. "बघ डार्लीन, म्हाताऱ्याची नजर घारीची आहे, नुसता खिसा कंजुषाचा. वरचे दहा डॉलर कशाला, सगळेच मी देतो. वाढदिवसाची भेट समज."

रूडी नको नको म्हणेपर्यंत पैसे काउंटरवर पडले होते. सोबत आणलेली रूडीची बंदूक डार्लीनकडेच राहिली. दुर्बीण चढवून उद्या सकाळी देते म्हणाली. बंदुकीचा बोल्ट, ज्याच्याविना गोळी सुटत नाही तो लोखंडी दांडा, दुकानात येण्याआधीच काढून खिशात ठेवायची रीत, तो रूडीच्या कोटाच्या खिशात होता. गाडीकडे चालताना तो जड लागत होता. सांगितलं नाही तर काय होईल, हे त्याला कळत होतं. परवा संध्याकाळी हा माणूस गाणं म्हणत, फांद्या मोडत, त्याच्यावर भरवसा ठेवून त्याच्या नळीसमोर चालत येणार होता.

"ओनी. ती गोळी माझी होती."

"कुठली गोळी?"

"चुलीवर टांगलीयस ती."

ओनी हसला. "जा रे. तुला एवढी जवळून चुकवता तरी आली असती का?" मग त्याने रूडीचा चेहरा पाहिला आणि हसू अर्ध्यात राहिलं.

"मला हरीण वाटलं. तपकिरी दिसलं, बस्स. धुकं आहे असं समजलो. धुकं नव्हतं. आत्ता कळलं मला."

"तू वीस मिनिटांनी आलास. कोणी झाडली म्हणून विचारलंस."

"हो."

"मला कॉफी ओतून दिलीस."

"हो."

"आणि आत्ताची दोन बोटं?"

"अंदाजाने."

ओनीचा हात आपसूक डोक्याकडे गेला, टाळूवर, जिथून वीतभर वरून ती गेली होती. रूडीला वाटलं आता हा ठोसा मारेल, आणि मारावा असंही वाटलं. पण ओनी एक पाऊल मागे सरला. चाळीस वर्षांत रूडीला घाबरून कुणी मागे सरलं नव्हतं. ते पाऊल त्याच्या जिव्हारी लागलं.

"बोल्ट," ओनी म्हणाला आणि हात पुढे केला.

रूडीने दिला. ओनीने तो आपल्या आतल्या खिशात टाकून बटण लावलं. वखारीतला दिवा लागला, आणि रूडीच्या डोळ्यांत तो भलामोठा पसरला.

"हेल्मी वाट बघत असेल," रूडी शेवटी पुटपुटला. तो सवयीने चालकाच्या बाजूला गेला आणि दाराची मूठ चाचपू लागला. ती हाताला लागायला जरा वेळ लागला.

ओनी पाहत होता. घर तीस मैलांवर होतं, रस्ता दुपदरी, आणि समोरून लाकडाचे ट्रक येत होते.

"रूडी," तो अगदी हळू म्हणाला, "येताना गाडी तू चालवलीस."

"हो."

"रस्ता दिसत होता तुला?"

"कडेची पांढरी रेघ दिसते," तो म्हणाला. "कधी कधी."

ओनी गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आला. त्याने पुन्हा हात पुढे केला.

"चावी पण दे."