चिकटवहीतलं अक्षर

संगीता राठोडचं अक्षर अख्ख्या दारव्ह्याला माहीत होतं. शाळेचा फलक असो, कुणाच्या निरोप समारंभाचं मानपत्र असो, लोक तिच्याकडेच यायचे. वर्गातल्या पोरांच्या वह्या तपासताना ती आधी अक्षर पाहायची, मग उत्तर. त्यामुळे तिचा धाकटा भाऊ भारत फौजेतून निवृत्त होऊन त्यांच्या बंजारा तांड्यावर परतणार म्हटल्यावर, त्याच्यासाठी केलेली चिकटवही शेवटचा हात फिरवायला तिच्याकडे येणार हे ठरल्यासारखंच होतं.

भारतची बायको उर्वशी बाजाराच्या दिवशी ती वही पिशवीत घालून घेऊन आली. जाड काळी पानं, वर कापडी वेष्टण, कडेनं तिनं स्वतः टाकलेलं काचकाम.

"ताई, आतलं समदं झालं," उर्वशी म्हणाली. "फोटो लावले, खाली लिवून झालं. तुमी फक्त पयल्या पानावर भारतचं नाव टाका. मोठ्ठं, तुमच्या हातचं."

"आतलं कोणं लिवलं?"

"याडीनं." उर्वशी हसली. "रोज सकाऊन खाटेवर वही घेऊन बसे. मले हात लावू देत नोयती."

याडी म्हणजे संगीता-भारतची आई, बिजलीबाई. साठी उलटल्यावर तिनं सुनेकडून मुळाक्षरं शिकून घेतली होती. आधी पाटीवर, मग जुन्या वह्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवर. संगीताला हे माहीत होतं, तिला कौतुकही होतं. पण शाळा, घर, परीक्षा यांच्या गडबडीत आईनं लिहिलेलं नीट बसून पाहणं तिला कधी जमलं नव्हतं.

रविवारी दुपारी तिनं वही उघडली. प्रत्येक फोटोखाली पांढऱ्या कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती आणि पट्टीवर निळ्या स्केचपेननं लिहिलेलं होतं. अक्षरं खालून वर चढत गेलेली. काही शब्द पट्टीत मावले नाहीत म्हणून कोपऱ्यात दाटीवाटीनं बसवलेले. वेलांट्या उलटसुलट, फौजेचा झालेला 'फोज', एका ठिकाणी शिरोरेषाच नाही. संगीता पानं उलटत गेली आणि तिचा जीव आक्रसत गेला.

सत्काराला शाळेचे हेडमास्तर येणार होते. तालुक्याहून पाहुणे येणार होते. वही सगळ्यांच्या हातून फिरणार होती. राठोड मॅडमच्या घरचं पुस्तक, आणि आत हे?

तिनं आधी एकच पट्टी बदलायची ठरवली, सगळ्यात वाईट दिसणारी. कडा ओल्या कापसानं भिजवल्या, ब्लेडचं टोक हळूच खाली सरकवलं, पट्टी निघाली. नव्या पट्टीवर तिनं काळ्या शाईत सुबक अक्षरात मजकूर लिहिला. पण ती एक चांगली पट्टी लागल्यावर शेजारची आणखीच वाकडी दिसायला लागली. मग ती काढली. मग तिच्या पुढची. हात बसल्यावर काम भराभर झालं. लिहिता लिहिता तिनं वाक्यंही सरळ केली, दोनचार ठिकाणी मजकूरच बदलून शोभेच्या ओळी घातल्या. चहाच्या वेळेपर्यंत वही एखाद्या दुकानातून आणल्यासारखी दिसत होती. निघालेल्या पट्ट्यांचा बोळा तिनं कचऱ्याच्या डब्यात टाकला. दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली आणि डबा रिकामा झाला.

तेव्हा तिला वाईट वाटलं नव्हतं. उलट काम झाल्याचं समाधान वाटलं होतं.

सत्कार तांड्यावरच्या देवळासमोरच्या मोकळ्या जागेत झाला. भारत गणवेशात आला, बायकांनी ओवाळलं, भाषणं झाली. मग उर्वशीनं चिकटवही त्याच्या हातात दिली. त्यानं पहिलं पान पाहिलं, आतली चारपाच पानं भराभर उलटली, परत पहिल्या पानावर आला. शेजारच्या खुर्चीवर बिजलीबाई बसली होती, तिच्या पलीकडे संगीता.

"याडी," भारत म्हणाला, "तू लिवून राह्यली म्हणे ना? तुहं कुठी हाये?"

उर्वशीनं दचकून संगीताकडे पाहिलं. संगीताला बोलायचं होतं. 'मी बदललं' एवढेच दोन शब्द होते. पण समोर हेडमास्तर होते, माणसं होती, आणि तिची जीभ उचलली नाही.

बिजलीबाईनं वही आपल्या मांडीवर घेतली. ती बोट फिरवत सावकाश वाचायची. एक पान झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्यावर बोट थांबलं.

"माहा हात दुखे," ती शेवटी म्हणाली. "मीनच संगीताले म्हटलं, तू लिव."

वही पुढे पाहुण्यांत गेली. सूत्रसंचालन करणाऱ्यानं माइकवरून सांगितलं की हे देखणं हस्ताक्षर आपल्या राठोड मॅडमचं आहे. टाळ्या पडल्या. संगीतानं उठून हात जोडले. कुणीतरी त्याचा फोटो काढला.

पुढचे दिवस तिला तो क्षण सोडेना. फलकावर तारीख लिहिताना टाळ्या ऐकू यायच्या. सुंदर अक्षराबद्दल कुणी सहज काही बोललं की कानशिलं तापायची. शेवटी एका रविवारी कोऱ्या पट्ट्या आणि निळं स्केचपेन पर्समध्ये घालून ती जीपमध्ये बसली आणि तांड्यावर गेली.

बिजलीबाई अंगणात सुपात तूर पाखडत होती.

"याडी, तुले राग आला ना?"

"राग कायचा?"

"मंग लोकायसमोर खोटं काहून बोलली?"

"चार लोकायत तुले खाली पाहाले लावू का?" बिजलीबाईनं सूप बाजूला ठेवलं. "अक्षराचं काही नाही. माहं वाकडंच हाये, मले दिसते. पण थो फोटो हाये ना, भारत पयल्या सुट्टीले आला थो. त्याच्याखाली मी लिवलं होतं, का मी त्याले वळखलं नाही. तू लिवलं, 'घरी परतल्याचा आनंदाचा क्षण'."

बिजलीबाईनं पदराला हात पुसले.

"केस कापेल, गालफडं बसेल. मी त्याले पाणी देल्लं अन् विचारलं, कोणाकडं आले भाऊ? थो हसला तवा समजलं. घरात जाऊन लय रडली मी. मले वाटलं, हे त्याले कधी सांगतलंच नाही, त लिवून ठेवू. थे तू खोडलं काहून?"

ती पट्टी संगीताला आठवत होती. 'सुट्टी'तला ट चुकलेला होता आणि शेवटचा शब्द कोपऱ्यात चिरडला होता, तेवढं डोळ्यांसमोर स्पष्ट होतं. वाक्य मात्र आठवत नव्हतं. बाकीच्या पट्ट्यांचंही तसंच. कुठली वेलांटी कुठे चुकली ते ती सांगू शकली असती. आईनं काय लिहिलं होतं ते नाही.

"याडी, तू पुन्हा लिव. मी पट्ट्या आणल्या. जसं होतं तसंच लिव, मी लावून देते."

बिजलीबाईनं मान हलवली. "नाही होत बाई. एकेक फोटो पाहून जे मनात आलं थे लिवलं. आता बसली त तेच येईन का?"

तेवढ्यात भारत चाऱ्याचा भारा घेऊन आला. त्यानं भारा उतरवला आणि दोघींकडे पाहिलं. संगीता उभी राहिली.

"भारत, याडीनं मले सांगतलं नोयतं. तिच्या पट्ट्या मीच काढल्या. मले लाज वाटली तिच्या अक्षराची."

"कुठी हायेत त्या?"

"घंटागाडीत गेल्या."

भारत हातपाय धुवायला गेला. परत आला तेव्हा टॉवेल त्याच्या हातात तसाच होता.

"मी तिकडं होतो त याडी मले फोनवर पाटी दाखवे," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "नेटवर्क जाये. अर्धी पाटी दिसे, अन् फोन कटे. मी म्हणो, जाऊ दे, घरी गेल्यावर पुरं वाचू."

संध्याकाळी त्यानं मोटरसायकलवर संगीताला सडकेपर्यंत सोडलं. जीप आली, ती बसली, तरी जीप सुटेपर्यंत तो तिथंच थांबला, एवढंच.

त्यानंतर संगीता रविवारी तांड्यावर जात राहिली. पुन्हा लिहिण्याचं नाव काढत नव्हती. आईजवळ बसायची, तुरीतले खडे वेचायची, घरी यायची. भारत हो-नाही एवढंच बोलायचा. वही कपाटावर होती आणि आत पानोपानी तिचंच अक्षर होतं. ते काढून टाकते असं ती एकदा म्हणाली, तर उर्वशी म्हणाली, "राहू द्या ताई. रिकाम्या फोटोपेक्षा बरं."

मग एका रविवारी उर्वशीनं सत्काराचे फोटो छापून आणले. वहीच्या शेवटी पानं कोरी होती. बिजलीबाईनं फोटो खाटेवर पसरले आणि त्यातला एक उचलला. संगीता हात जोडून उभी आहे, मागे लोक टाळ्या वाजवताहेत.

"हा नको, याडी," संगीता पटकन म्हणाली. "मले थो पाहावत नाही."

"मले लावाचा हाये."

बिजलीबाईनं स्वतःच डिंक लावला, फोटो हातानं दाबला आणि स्केचपेन मागितलं. ती लिहीत होती तेव्हा संगीता खाटेच्या कडेला बसून होती. एका ठिकाणी आईचा हात अडला. संगीतानं ओठ घट्ट मिटून घेतले. आईनं विचारलं नाही, आपलं आपण काहीतरी गिरवलं आणि पुढे गेली. मग पट्टी लेकीच्या हातात दिली.

संगीतानं ती वाचली. एकेका अक्षरावर थांबून, आई वाचायची तशी बोट ठेवून.

'हि संगिता माहि पोरगी. भारतच्या सत्काराले आलि. सगळे जेवले. हि जेवलि नाहि.'

तिला अक्षरं दिसेनाशी झाली. पट्टी ओली होऊ नये म्हणून तिनं हात लांब धरला. भारतनं ती तिच्या हातातून घेतली, वाचली, आईकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"खरंच नोयती जेवली?" त्यानं विचारलं.

संगीतानं नाही म्हणून मान हलवली.

"उर्वशी," त्यानं आत हाक मारली, "ताईचं ताट कर."